अवे तिकिटांची पॉइंट योजना: ३० पौंडांच्या तिकिटासाठी तीन हंगामांची रांग

शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारा फुटबॉल सामना इंग्लंडमध्ये टीव्हीवर दिसत नाही. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावे, निदान खालच्या श्रेणीतील क्लबांचे प्रेक्षक तरी टिकावेत, म्हणून शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपण करायचे नाही, असा इथला जुना नियम आहे. भारताला तो लागू नाही. त्यामुळे कोल्हापुरात माझा धाकटा भाऊ आमच्या क्लबचा सामना रात्री साडेआठला जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन पाहतो, आणि मैदानापासून रेल्वेने दोन तासांवर राहणाऱ्या मला गोल झाल्याचे त्याच्या व्हॉट्सॲपवरून कळते. उठून मैदानावर जावे म्हटले, तर सामना प्रतिस्पर्ध्याच्या गावी असतो आणि तिथले तिकीट मिळत नाही. हे तिकीट विकण्याची जी व्यवस्था आमच्या क्लबने केली आहे, तिचे हे परीक्षण आहे. संघाच्या खेळाविषयी मी इथे काही लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

क्लबचे नाव मी मुद्दाम देत नाही. लंडनमधील आहे आणि प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, खेळतो, एवढे पुरे. अडीच हंगामांपासून मी त्याचा सशुल्क सभासद आहे आणि वर्षाला ३५ पौंड भरतो. या काळात अवे तिकिटासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील सामन्याच्या तिकिटासाठी, मी एकतीस वेळा प्रयत्न केला आणि नऊ वेळा यशस्वी झालो. त्या नवांपैकी लीगचे सामने चारच. बाकी सगळे कपचे, म्हणजे लीगबाहेरच्या स्पर्धांचे. हे प्रमाण वाचून कोणाला वाईट वाटेल, पण सामन्यांना जाणाऱ्या चाहत्यांच्या बसमधल्या जुन्या मंडळींनी मला ‘नशीबवान’ ठरवले आहे.

आधी गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण निम्मा दोष कोणा एकाचा नसून गणिताचाच आहे. प्रीमियर लीगच्या नियमानुसार यजमान क्लबने पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटे द्यायची असतात; मैदानाची क्षमता ३०,००० पेक्षा कमी असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. लीगमध्ये प्रत्येक संघाचे हंगामात १९ अवे सामने होतात. बोर्नमथच्या मैदानात जेमतेम सव्वाअकरा हजार माणसे मावतात, म्हणजे पाहुण्यांच्या वाट्याला अकराशेच्या आसपास तिकिटे येतात. ब्रेंटफर्डच्या नव्या मैदानाची क्षमता सव्वासतरा हजार आहे. तिथे सुमारे सतराशे. त्यातून खेळाडूंचे नातेवाईक, क्लबचे कर्मचारी आणि प्रायोजक यांचा वाटा वगळला जातो आणि उरलेली तिकिटे विक्रीला येतात. दुसऱ्या बाजूला, घरच्या मैदानावर साठ-साठ हजार प्रेक्षक जमवणाऱ्या क्लबांचे निव्वळ सीझन तिकीटधारकच (हंगामातील घरच्या सगळ्या सामन्यांचे तिकीट एकदम घेतलेले) कित्येक हजारांत असतात आणि साध्या सभासदांची संख्या त्याहूनही मोठी असते. लोक जितके हट्टी, मैदान जितके लहान, तितकी मारामारी मोठी. बोर्नमथ हे समुद्रकाठचे टुमदार गाव असल्यामुळे तर तिथल्या सामन्याला सगळ्यांनाच जायचे असते.

पूर्वी हे असे नव्हते, असे जुने लोक सांगतात. सामन्याच्या दिवशी गावात पोहोचायचे, फिरत्या दांड्याच्या दाराशी रोख पैसे द्यायचे आणि उभ्याने सामना पाहायचा, ही पद्धत अनेक मैदानांवर होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली आणि तीत एकूण ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालावरून वरच्या दोन श्रेणींतील मैदाने पूर्णपणे खुर्च्यांची करण्यात आली. खुर्ची आली म्हणजे क्रमांक आला, क्रमांक आला म्हणजे संख्या ठरली, आणि संख्या ठरली की दाराशी जाऊन ‘अजून एक घ्या हो’ म्हणण्याची सोय उरत नाही. मोबदल्यात सुरक्षितता मिळाली आणि ती कोणी परत देऊ इच्छित नाही, मीही नाही.

किंमत हा यानंतरचा झगडा होता, आणि तो चाहत्यांनी जिंकला. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरील तिकिटाला ६२ पौंड पडत होते म्हणून मँचेस्टर सिटीच्या वाट्याची नऊशेहून अधिक तिकिटे विकलीच गेली नाहीत आणि परत पाठवावी लागली. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, घरच्या सामन्यांसाठी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर झाल्याच्या निषेधार्थ, लिव्हरपूलचे हजारो चाहते सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. त्यांचा संघ तेव्हा सुंदरलंडविरुद्ध २-० असा पुढे होता. ते गेल्यावर तो सामना २-२ असा बरोबरीत सुटला. क्लबच्या मालकांनी काही दिवसांतच माघार घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी अवे तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवली आणि २०१६-१७ च्या हंगामापासून ती लागू झाली. लंडनमध्ये दोन माणसांच्या बऱ्यापैकी जेवणाला याहून जास्त पैसे लागतात. म्हणून किंमतीच्या बाबतीत या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देतो आणि तो विषय इथेच संपवतो.

अडचण अशी की, ज्या वस्तूची किंमत मागणीच्या मानाने फार कमी ठेवली जाते, ती वाटण्यासाठी पैशाखेरीज दुसरे काहीतरी माप लागते. काही क्लब चिठ्ठ्या टाकतात. लिव्हरपूलसारखे क्लब मागील हंगामांत तुम्ही किती अवे सामन्यांना गेला होता ते मोजतात. आमच्या क्लबने पॉइंट ठेवले आहेत: लीगच्या प्रत्येक अवे सामन्याला एक, कपच्या सामन्याला अर्धा, आणि मागील तीन हंगामांची बेरीज. ज्यांच्याकडे अवे सीझन तिकीट आहे त्यांचे तिकीट आधीच बाजूला काढले जाते. उरलेली तिकिटे टप्प्याटप्प्याने सुटतात. पहिल्या दिवशी चाळीस पॉइंटांवरचे, दुसऱ्या दिवशी पस्तीसवरचे, मग तीसवरचे, असे खाली उतरत शेवटी शून्य पॉइंटांचे सभासद. कागदावर याहून न्याय्य काही दिसत नाही. जो ऊन-पावसात संघामागे फिरला त्याला आधी मिळावे, यावर कोण वाद घालील? परंतु पॉइंट मिळवायला तिकीट लागते आणि तिकीट मिळवायला पॉइंट लागतात. ज्याच्याकडे आहेत त्याचे वाढत जातात. ज्याच्याकडे नाहीत तो दर हंगामाला आणखी मागे पडतो. सभासदत्वाच्या पानावर ‘अवे तिकिटांसाठी पात्र’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ते खोटे नाही, आणि त्याचा अर्थही फारसा काही नाही.

विक्रीची सकाळ कशी जाते, तेही सांगतो. रेल्वेचे तत्काळ तिकीट ज्यांनी काढले आहे त्यांना ओळख करून देण्याची गरज नाही. योगायोगाने वेळही तीच, सकाळी दहाची. पावणेदहाला मी कार्यालयातल्या छोट्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप आणि मोबाइल अशी दोन यंत्रे मांडून बसतो. दहाला पाच मिनिटे असताना प्रतीक्षागृहाचे पान उघडते आणि पडद्यावर एक चिमुकला माणूस डावीकडून उजवीकडे चालू लागतो. दहा वाजता त्याच्याखाली आकडा येतो: तुमच्या पुढे ८७३ जण आहेत. आपल्या टप्प्यासाठी किती तिकिटे शिल्लक आहेत हे मात्र कुठेच सांगितलेले नसते. त्यामुळे ८७३ हा आकडा शुभ की अशुभ हे कळायला मार्ग नाही. मागील डिसेंबरात मी अशाच रांगेत बावीस मिनिटे उभा होतो. आत गेल्यावर मैदानाचा नकाशा उघडला आणि सगळा राखाडी दिसला, म्हणजे सगळ्या जागा गेलेल्या. मग एका कोपऱ्यात एकच निळा ठिपका उगवला. कोणाच्या तरी टोपलीतून वेळ संपल्यामुळे सुटलेले तिकीट असावे. मी तो दाबला, तिकीट माझ्या टोपलीत आले, सात मिनिटांचे घड्याळ सुरू झाले, कार्डाचा क्रमांक घातला, बँकेने मोबाइलवर मंजुरी मागितली, ती दिली, आणि पान पांढरे पडले. पैसे कापले गेले नाहीत. तिकीटही मिळाले नाही. पुन्हा आत गेलो तेव्हा तो चिमुकला माणूस परत डावीकडून चालत निघाला होता.

मदत केंद्राला मी त्याच दिवशी ईमेल केला. उत्तर आठव्या दिवशी आले: आपल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, मागणी अतिशय जास्त असल्यामुळे कृपया पुढील टप्प्यात प्रयत्न करावा. पुढील टप्पा सात दिवसांपूर्वी होऊन गेलेला होता. टेलिफोनवर बोलणारी माणसे सौजन्याने बोलतात, हे कबूल करतो. पण त्यांच्या पडद्यावर आपल्याला दिसते त्याहून अधिक काही दिसत नसावे, असे वाटते.

एवढ्यावर भागले असते तर मी याला निव्वळ टंचाई म्हटले असते. या योजनेचा खरा दोष मला दुसऱ्या वर्षी कळला आणि तो एका कोल्हापूरकरानेच दाखवला. ते शिवाजी पेठेतले, माझ्या काकांच्या वयाचे, तीस वर्षांपासून इथे राहतात आणि त्यांच्याकडे सीझन तिकीट आहे. मी माझे रडगाणे गायल्यावर ते हसून म्हणाले, “लेका, तिकीट काढून ठेवायचं. जायचं का नाही ते मागनं बघायचं. पॉइंट आपल्या नावावर पडला म्हणजे झालं.” मी विचारले, “मग तिकीट वाया जातं की, काका.” त्यावर ते म्हणाले, “वाया कसं जाईल? पोरगं जातं, पोराचा मित्र जातो. माझा गुडघा जातोय, मी कुठं न्यूकॅसलचे जिने चढू?” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. योजनेने जे वागणे फायद्याचे ठरवले, तसे ते वागत होते. तिकीट परत केले तर पैसे मिळतात, पण पॉइंट जातो. मग कोण परत करील? ज्याला पुढच्या वर्षी बोर्नमथला किंवा एखाद्या उपांत्य सामन्याला जायचे आहे, तो वर्षभर प्रत्येक तिकीट विकत घेतो आणि सामन्याला दुसऱ्याच कोणाला तरी धाडतो. त्यामुळे मैदानावर अवे बाजूच्या खुर्च्यांत जे लोक बसलेले असतात, त्यांतील कित्येकांच्या नावे एकही पॉइंट नसतो. आणि पॉइंट ज्यांचे वाढत असतात ते घरी सोफ्यावर असतात. निष्ठा मोजण्यासाठी केलेले माप खरेदी मोजू लागले आहे.

अलीकडे अनेक क्लबांनी यावर तपासणी सुरू केली आहे. काही निवडक सभासदांना तिकीट आधी न देता, सामन्याच्या दिवशी त्या गावातल्या खिडकीवर छायाचित्राचे ओळखपत्र दाखवून ते घ्यायला लावतात. आमच्या क्लबनेही हे केले. काकांवर एकदा ती वेळ आली आणि गुडघ्याला पट्टा बांधून त्यांना स्वतःच वुल्व्हरहॅम्प्टन गाठावे लागले. संघ हरला, पण त्यांना सामना आवडला असे काकू सांगत होत्या. उपाय चुकीचा नाही. पण तो शिक्षेचा उपाय आहे. ज्याला खरोखर ताप आला, ज्याच्या घरी अडचण निघाली, अशा माणसाला तिकीट सरळ मनाने परत करावेसे वाटेल, अशी एकही तरतूद योजनेत नाही. परत केलेल्या तिकिटाचा अर्धा पॉइंट तरी राहू दिला, तर शेकडो तिकिटे मोकळी होतील असा माझा अंदाज आहे. परतीची मुदतही सामन्याआधी पाच कामाच्या दिवसांची आहे. जणू ताप आठवडाभर आधी सूचना देऊन येतो.

बाहेरच्या बाजारात तिकीट घ्यावे, हा विचार मनात आला असेल तर तो काढून टाकावा. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीवाचून दुसऱ्याला विकणे हा १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे, आणि मूळ किमतीला विकले तरी तो गुन्हाच ठरतो. दोन्ही बाजूंचे चाहते वेगवेगळे बसले पाहिजेत, हे त्यामागचे कारण आहे. तिकीट कोणाच्या हाती गेले हे कळले नाही तर ती विभागणीच कोसळते. शिवाय आता बहुतेक क्लबांचे तिकीट म्हणजे मोबाइलमधील पास असतो आणि तो दाराच्या यंत्राला टेकवावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या तिकिटाच्या छायाचित्राला दार उघडत नाही. माझ्या कार्यालयातील एका तेलुगू मित्राने दीडशे पौंड मोजून असे छायाचित्र विकत घेतले आणि सामना मैदानाबाहेरच्या पबमध्ये पाहिला. यजमानांच्या बाजूचे तिकीट घेऊन गुपचूप बसण्याचा मार्गही काही जण सुचवतात. आपला गोल झाल्यावर हात मांडीखाली दाबून बसणे ज्यांना जमते त्यांनी तो अवलंबावा. जमले नाही तर मैदानावरचे कर्मचारी खांद्यावर हात ठेवून बाहेरची वाट दाखवतात आणि ते नियमाला धरूनच असते.

मला लीगचे पहिले तिकीट मिळाले ते न्यूकॅसलचे. हिवाळ्यातली बुधवारची रात्र, लंडनपासून साडेचारशे किलोमीटर, आणि सामना संपल्यावर लंडनला परतणारी एकही गाडी नाही. या तीन कारणांमुळे विक्री उतरत उतरत माझ्या टप्प्यापर्यंत पोहोचली. तिकीट ३० पौंडांचे होते. अर्ध्या दिवसाची रजा आणि दुसऱ्या दिवशीची पूर्ण रजा त्यात धरलेली नाही. चाहत्यांच्या बसने दुपारी बाराला निघालो. सेंट जेम्सेस पार्क हे मैदान गावाच्या अगदी मध्यात, उंचवट्यावर आहे, आणि पाहुण्यांना तिथे सर्वांत वरच्या मजल्यावर बसवतात. जिन्याचे चौदा टप्पे चढावे लागतात. सातव्या-आठव्या टप्प्याशी लोक भिंतीला टेकून दम खात उभे होते आणि एक वृद्ध गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला “अर्धं झालं, अर्धं झालं” या अर्थाचे काहीतरी सांगत होते. वर पोहोचल्यावर खाली शहराचे दिवे दिसले आणि मैदानावरचे खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे. वारा असा, की हातमोज्यातही बोटे कळेनात. पण आमच्या तीन हजारांनी पहिल्या मिनिटापासून जो आवाज लावला तो शेवटपर्यंत खाली आला नाही, आणि कोणीही खुर्चीवर बसले नाही. घरच्या मैदानावर पन्नास हजारांत बसून मी कधी असा ओरडलेलो नाही. बस पहाटे साडेचारला लंडनला पोहोचली. तिकिटासाठी इतका आटापिटा का, असे बायकोने दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा माझा घसा बसलेला असल्यामुळे उत्तर देता आले नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे ‘अवे’ प्रकरण मुळात नवीन असते, हेही इथे नोंदवायला हवे. आपल्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, कोणीही कोणाशी खेळो, सामना राजर्षी शाहू स्टेडियमवरच होतो. पेठा आपापले कोपरे धरून बसतात आणि शिव्या समोरासमोर दिल्या जातात. प्रवास असलाच तर पेठेतून स्टेडियमपर्यंतचा, तोही दुचाकीवर. त्यामुळे दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, पोलिसांच्या रांगेतून जाऊन आपल्या संघासाठी ओरडण्यात जी गंमत असते ती मला इथे येऊनच कळली, आणि ती कळल्यानंतर घरचा सामना थोडा अळणी लागू लागला. हे व्यसन लावण्याचे श्रेय क्लबला द्यायला हरकत नाही.

कपच्या सामन्यांचा दरवाजा त्या मानाने रुंद आहे. एफए कपमध्ये पाहुण्या क्लबला मैदानाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत तिकिटे मागता येतात. साठ हजारांच्या मैदानावर ती नऊ हजार होतात आणि विक्री भराभर खालच्या टप्प्यांवर येते. जानेवारीत तिसरी फेरी असते, थंडी कडक असते, आणि नव्या सभासदाने खाते उघडण्याची तीच वेळ. युरोपातील सामन्यांना पाहुण्यांचा वाटा पाच टक्केच असतो. युएफाने, म्हणजे युरोपातील फुटबॉल संघटनेने, २०२४-२५ पासून तिथेही कमाल किंमत लावली आहे: चॅम्पियन्स लीगला पहिल्या वर्षी ६० आणि २०२५-२६ ला ५० युरो. पण तिकीट स्वस्त झाले म्हणून विमान स्वस्त होत नाही, आणि भारतीय पारपत्र असलेल्याला युरोपात जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाची वेळही तिकिटाच्या आधी शोधावी लागते. मिलानचा एक सामना माझ्या हातून अशा रीतीने गेला की तिकीट होते आणि व्हिसा नव्हता. त्यात क्लबचा दोष नाही. तिकीट परत केले, पॉइंट गेला.

प्रक्षेपणाच्या सोयीसाठी सामन्याची तारीख बदलते, तो त्रास वेगळा. २०२५-२६ पासून इथल्या दोन वाहिन्या मिळून लीगचे किमान २६७ सामने थेट दाखवतात, म्हणजे ३८० पैकी बहुतेक सामने कधी ना कधी शनिवारी तीनवरून हलवले जाण्याची शक्यता असते. रेल्वेचे स्वस्त आगाऊ तिकीट काढावे तर सामना सोमवारी रात्री जातो. थांबावे तर भाडे दुप्पट होते. क्लब तारीख बदलल्याचा ईमेल तत्परतेने पाठवतो, एवढे म्हणेन. चाहत्यांच्या बसचे भाडे तो पदरमोड करून कमी ठेवतो, हे तर खरोखर कौतुकास्पद आहे. बस वेळेवर सुटते, चालक रस्ता जाणतो, आणि परतीच्या वाटेवर कोणी मागे राहिलेला नाही ना हे दोनदा मोजले जाते.

महाराष्ट्रातून पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या आणि ‘एक तरी सामना पाहायचाच’ म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी: अवे तिकिटाच्या भानगडीत पडू नये. घरच्या सामन्याचे तिकीट सभासदत्व घेऊन, किंवा जास्त पैसे मोजून जेवणासह मिळणाऱ्या जागांवर, क्लबच्याच संकेतस्थळावरून काढावे. त्याहून चांगले म्हणजे खालच्या श्रेणीतला सामना पाहावा. तिथे अजूनही कित्येक ठिकाणी दाराशी पैसे देऊन आत जाता येते, चहा प्लास्टिकच्या पेल्यात मिळतो, आणि बाहेर गेलेला चेंडू कधी कधी आपल्याच पायाशी येतो. माझ्या मेव्हण्याला मी तिथे नेले होते. त्याला ते प्रीमियर लीगपेक्षा शाहू स्टेडियमच्या जवळचे वाटले.

गुणांकन करायचे तर: किंमत पाचपैकी पाच, बस साडेचार, संकेतस्थळ दीड, मदत केंद्र एक, पॉइंट योजनेची न्याय्यता दोन. सरासरी जी काय येईल ती येवो. सभासदत्वाचे मी पुढील वर्षासाठी नूतनीकरण केलेले आहे. प्रत्येक अवे सामन्याच्या तिकिटांतील थोडा हिस्सा कमी पॉइंटवाल्यांसाठी चिठ्ठी टाकून राखावा, आणि परत केलेल्या तिकिटाचा अर्धा पॉइंट शाबूत ठेवावा, अशा दोन सूचना मी चाहत्यांच्या प्रतिनिधी मंडळाकडे लेखी दिल्या आहेत. त्यांची पोच मिळाली आहे. 

सध्या माझ्या नावावर सहा पॉइंट आहेत, त्यांपैकी दीड या हंगामाअखेर तीन वर्षांच्या बेरजेतून गळणार. बोर्नमथची विक्री मागील वर्षी चाळीसच्या टप्प्यातच संपली होती. या वर्षीची मंगळवारी सकाळी दहाला आहे. माझा टप्पा आला तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी येईल. छोटी बैठकीची खोली मी त्या दिवशी पावणेदहा ते साडेदहा राखून ठेवली आहे.